बडीशेपेच्या बशीतले पैसे

हॉटेलात चारजण जेवायला बसलेले असतात. गप्पा रंगलेल्या असतात, राजकारणापासून शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत सर्वांचा यथास्थित समाचार घेऊन झालेला असतो. अशा वेळी वेटर बडीशेपेची बशी आणून ठेवतो आणि एकाएकी सगळ्यांची वाचा बसते. बशीत बडीशेप असते, खडीसाखर असते आणि त्यांच्या आडोशाला घडी घातलेले बिल असते. ते कोणी द्यायचे यावर आपल्याकडे हातघाईची लढाई होते. मनगटे धरली जातात, शपथा घातल्या जातात, "या खेपेला तुम्ही, पुढच्या खेपेला मी" असे तह होतात. पण या लढाईत कसोटी अशी कोणाचीच लागत नाही. ती लागते बिल भागून मोड परत आल्यावर. आता बशीत किती ठेवायचे?

या घटकेला माणसाचा स्वभाव दिसतो तसा लग्नाच्या बैठकीतही दिसत नाही. काही गृहस्थ मोड हातात घेऊन आकडेमोडीत पडतात. काहीजण नाणी तेवढी बशीत सोडून नोटा उचलतात. वेटरची किंमत आज नाण्यांत किती आली हे गल्ल्यावरच्या माणसाच्या हाती असते, त्यांच्या नव्हे. काहीजण बडीशेपेचा बकाणा भरून, बशी जणू त्याचसाठी आली होती असा चेहरा करून उठतात. आणि काहीजणांचे दोन दर असतात. बरोबर व्याही असले तर एक आणि एकटे असले तर दुसरा.

'टीप' हा शब्द आता आपल्या अंगवळणी पडला आहे. मराठीत तशा टिपा पुष्कळ. शिंपी टीप मारतो, पंडित तळटीप देतात, गवई टिपेचा सूर लावतो आणि सासुरवाशीण टिपे गाळते. हॉटेलातली टीप या मंडळींत इंग्रजीतून येऊन बसली. पण इंग्रजीत तरी तिचे कूळ कुठे मोठे आहे? सतराव्या शतकातल्या इंग्रज चोराचिलटांच्या सांकेतिक बोलीत 'टिप' म्हणजे 'दे, सरकव' असा अर्थ होता. तत्पर सेवेची हमी मिळावी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून तो तयार झाला, असे पुष्कळजण मोठ्या खात्रीने सांगतात. ती गोष्ट मागाहून रचलेली आहे.

आपल्याकडे देण्याला शब्दांचा तोटा कधीच नव्हता. भटजींना दक्षिणा, गवयाला बिदागी, बहिणीला ओवाळणी, खळ्यावर बलुतेदाराला बलुते, दिवाळीत पोस्टमनला आणि घरच्या गड्याला पोस्त, आणि कचेरीत फाईल हलावी म्हणून चिरीमिरी. प्रत्येक शब्दात देणारा कुठे उभा आहे आणि घेणारा कुठे, हे चोख सांगितलेले आहे. दक्षिणा देताना आपण वाकतो. बलुते हा घेणाऱ्याचा हक्क असतो, त्यात उपकार नाही. चिरीमिरी देताना आपण इकडेतिकडे पाहतो. टीप या सर्वांच्या मधे कुठेतरी अडकली आहे, म्हणून देणारा संकोचतो आणि घेणाराही दुसरीकडे पाहतो. चिरीमिरीशी तिचा घोटाळा मात्र होऊ नये. चिरीमिरी कामाच्या आधी आणि काम होण्यासाठी असते. टीप काम झाल्यावर असते, आणि ती दिली नाही तरी आपले काही अडत नाही.

जर्मन लोक टिपेला 'ट्रिंकगेल्ट' म्हणतात आणि फ्रेंच 'पूरब्वार'. दोहोंचा अर्थ पिण्यासाठी दिलेले पैसे. रशियन शब्दाच्या पोटात तर चक्क चहा आहे. म्हणजे आपले 'चहापाणी' थेट मॉस्कोपर्यंत चालते म्हणायचे! आपल्याकडे ते सरकारी टेबलांखालून फार हिंडले म्हणून बदनाम झाले, एवढेच.

बरे, द्यायची असे ठरले, तर किती? या प्रश्नाला जाणकार मंडळींचे उत्तर तयार असते : "दहा टक्के." ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते. पण जरा हिशेब करून पाहा. मी सकाळी कोपऱ्यावरच्या उडप्याकडे इडली आणि कॉफी घेतो. बिल होते एकशेवीस रुपये. वेटर पाणी आणतो, इडली आणतो, सांबार मागितले की पुन्हा येतो, चटणी मागितली की पुन्हा, मग कॉफी आणि शेवटी बिल. पंधरा मिनिटांत सहा फेऱ्या. दहा टक्क्यांनी त्याचे होतात बारा रुपये, म्हणजे फेरीला दोन. आता मालवणी खाणावळीत शेजारीशेजारी बसलेले दोघेजण घ्या. एकाने तीनशेची शाकाहारी थाळी मागवली, दुसऱ्याने नऊशेची पापलेटाची. वेटरने दोघांना सारख्याच फेऱ्या घातल्या, दोघांना सोलकढी सारख्याच आग्रहाने विचारली. तरी एकाकडून तीस रुपये आणि दुसऱ्याकडून नव्वद! पापलेट महाग असते म्हणून काही त्याचे ताट उचलायला तिप्पट बळ लागत नाही.

टक्केवारी मोजते ती पदार्थाची किंमत. माणसाचे पाय ती मोजत नाही. आणि त्यामुळे घडते असे, की जिथे ताटे स्वस्त, गिऱ्हाइकांची घाई मोठी आणि वेटरची धावपळ सर्वांत जास्त, तिथेच टीप सर्वांत कमी पडते. मोठ्या हॉटेलातल्या वेटरचे काम सोपे आहे असे मी म्हणत नाही. त्याला चारपाच भाषांतले पदार्थ तोंडपाठ असावे लागतात, तास-दीड तास एका टेबलावर डोळा ठेवावा लागतो आणि गिऱ्हाइकाचा अहंकार काचेच्या पेल्यासारखा जपावा लागतो. पण त्याच्या दहा टक्क्यांची काळजी त्याच्या मेनूकार्डावरचे भावच घेतात. उडप्याकडच्या माणसाची काळजी कोणीच घेत नाही.

म्हणून मी आधी फेऱ्यांचा हिशेब करतो आणि मग टक्क्यांचा. बिल शंभराचे असो की दोनशेचे, टेबलावर बसून खाल्ले तर वीस रुपयांच्या खाली जायचे नाही. पाचशेपासून दोन हजारांपर्यंत दहावा हिस्सा ठीक. त्याच्यावर बिल गेले तर माणसे किती होतो, किती वेळ जागा अडवली आणि पोरांनी टेबलाखाली किती भात सांडला, हे पाहून ठरवायचे. सांडलेल्या भाताला स्वतंत्र दर आहे!

माझ्या मेहुण्यांना हा सगळाच प्रकार मान्य नाही. ते हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून दुसऱ्यांचे हिशेब फुकट तपासतात. "अहो, भाजीवाली जुडी निवडून देते, कंडक्टर तिकीट देतो, बँकेतला कारकून पासबुक भरून देतो," ते मला म्हणाले. "त्यांना देता का तुम्ही काही? मग हा वेटरच काय सोन्याचा लागून गेलाय? त्याला मालक पगार देतो की!"

मुद्दा बिनतोड आहे, आणि म्हणूनच त्याला तर्काने उत्तर देता येत नाही. मला एवढेच वाटते, की वाढणे ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. पंगतीत वाढणारा घरचा असतो. कोणाच्या पानात काय संपले आहे हे तो न सांगता पाहतो, "आणखी घ्या" म्हणतो, आणि सगळ्यांचे झाल्यावर स्वतः बसतो. हॉटेलात एक परका माणूस काही वेळ आपल्यासाठी त्या घरच्या माणसाच्या जागी उभा राहतो. आपण भुकेलेले, चिडलेले, दमलेले असताना तो आपल्याला पाहतो. भाजीवालीशी आपला सौदा असतो. वेटरशी सौद्यापलीकडचे काहीतरी असते. हे मी मेहुण्यांना सांगत असताना आमच्या सौभाग्यवती आतून पोळ्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घरी वाढणाराचे किती टक्के धरलेत?" तो विषय तिथेच संपला.

"मालक पगार देतो की" हे मेहुण्यांचे वाक्य मात्र मनात राहिले. कारण सगळीकडे तो तसा देतोच असे नाही. माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलस गावी असतो. तिथे पैसे भरण्याचे यंत्र पुढे करतात त्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्के अशी बटणे तयारच असतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ती वाटमारी वाटली. पण त्यामागे कायदा आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याने किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे आणि ते २००९ पासून तेवढेच आहे. पण ज्याला टिपा मिळतात त्याला मालकाने रोख फक्त दोन डॉलर तेरा सेंट दिले तरी चालतात. उरलेले टिपांतून भरून निघावेत, न निघाले तर फरक मालकाने द्यावा. हा दोन डॉलर तेरा सेंटांचा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी आपापल्या हद्दीत तो वाढवला आहे, टेक्सासने नाही. तेव्हा डॅलसमध्ये टीप न देणे म्हणजे त्या माणसाच्या पगारात हात घालणे आहे. याच अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टीप देण्याघेण्यालाच बंदी करणारा कायदा केला होता, आणि १९१३ साली तो गुंडाळूनही ठेवला!

टिपा मिळतात म्हणून किमान वेतनापेक्षा कमी द्यावे, अशी सवलत आपल्याकडच्या कायद्याने मालकाला दिलेली नाही. म्हणून अमेरिकेचे वीस टक्के उचलून पुण्या-मुंबईत आणायचे कारण नाही. तिथली टीप हा पगाराचा तुकडा आहे. इथली टीप ही गिऱ्हाइकाची राजीखुशी आहे, आणि ती तशीच राहावी.

ती तशी राहू नये म्हणून आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांनी मधल्या काळात एक युक्ती काढली. बिलाच्या तळाशी 'सर्व्हिस चार्ज' म्हणून पाच किंवा दहा टक्के परस्पर लावायचे. पुष्कळांना तो सरकारचा कर वाटे, कारण त्याच सुमारास 'सर्व्हिस टॅक्स' नावाचा खराखुरा करही बिलात असे. तो कर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर गेला; हा चार्ज मात्र जागच्या जागी राहिला. कर सरकारकडे जात होता, चार्ज मालकाकडे जात होता. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की हा आकार हॉटेलने आपणहून बिलात घालू नये आणि गिऱ्हाइकावर त्याची सक्ती करू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी तिथल्या न्यायमूर्तींनी त्या सूचना उचलून धरल्या आणि सक्तीची वसुली चूक ठरवली.

अशाच एका झगझगीत हॉटेलात, या निकालाच्या बऱ्याच आधी, मी दहा टक्के सर्व्हिस चार्ज भरून वर हात आखडला होता. दुहेरी कशाला द्यायचे, हा सरळ हिशेब. बाहेर पडताना वेटरला विचारले, "यातलं तुम्हाला किती मिळतं?" तो हसला आणि म्हणाला, "बिलावर छापलेलं असतं, साहेब, तेवढंच मलाही ठाऊक."

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका आयकराच्या खटल्यात सांगितले, की गिऱ्हाइकाने दिलेली टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. ती मालकाच्या हातून वेटरकडे गेली तरी नव्हे. खटला कर कोणी कापायचा याचा होता, पण मला त्यातले हे एक वाक्य फार मोलाचे वाटते. ब्रिटनमध्ये तर १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू झाला आहे, की टिपा आणि सर्व्हिस चार्ज मालकाने काही न कापता नोकरांत न्यायाने वाटले पाहिजेत. कायदा करावा लागला, यातच काय ते आले.

टिपेचा खरा अर्थ मला कोर्टाच्या निकालाने कळला नाही. तो सांगितला कोपऱ्यावरच्या उडप्याकडच्या अण्णांनी. अण्णा कुंदापूरकडचे. पन्नाशी उलटलेली, पायात रबरी सपाता, खांद्यावर फडके. एका दुपारी हॉटेल रिकामे होते. पाऊस थांबत नव्हता म्हणून मी दुसरी कॉफी घेऊन बसलो होतो आणि ते खांबाला टेकून उभे होते. मी सहज विचारले, "अण्णा, टिपा किती जमतात हो दिवसाच्या?"

आकडा त्यांनी सांगितला नाही. म्हणाले, "पगार गावाला जातो, साहेब. पहिल्या तारखेला सगळा. घर आहे, आई आहे, मुलीचं कॉलेज आहे. माझं खाणं-झोपणं इथंच, मालकाचं. हातात राहतं ते टेबलावरचं. केस कापायचे, मोबाइल भरायचा, पान खायचं, सगळं त्यातनं." मग जरा थांबून म्हणाले, "गावी जाताना मुलीला काय न्यायचं, तेही त्यातनंच. पगाराचा हिशेब घरी द्यावा लागतो. याचा कुणाला विचारावा लागत नाही."

तोवर टीप म्हणजे पगाराला लावलेले ठिगळ असे मी समजत होतो. अण्णांच्या लेखी पगार हा कुटुंबाचा होता आणि टीप तेवढी त्यांची स्वतःची. तीस वर्षे दुसऱ्यांच्या आवडीनिवडी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःची एखादी आवड ठेवता येते ती या पैशांवर. तेव्हापासून बशीत वीस रुपये ठेवताना हे पैसे वेटरला देतो आहे असे मला वाटत नाही. पान खाणाऱ्या, केस कापायला बसलेल्या, मुलीसाठी दुकानात काहीतरी पसंत करणाऱ्या अण्णांना देतो आहे असे वाटते.

आणि ते वीसही सगळे त्यांचे नसतात. टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला आणि आत भांडी घासणाऱ्या बाईंना त्यातले काही रात्री वाटून जाते. पोऱ्या म्हणायचा, पण आता तो मिसरूड फुटलेला जवान असतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्याची बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून आली. भांडी घासणाऱ्या बाईंना तर कोणतेच गिऱ्हाईक कधी पाहत नाही. आपल्या बशीतली नाणी तेवढी त्यांच्यापर्यंत पोचतात.

पोचत असत, असे म्हणायची पाळी आता आली आहे. २०१६ साली यूपीआय आले आणि काही वर्षांत बिलाच्या शेजारी तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन उभा राहिला. सोय मोठीच झाली. पण मोड नाहीशी झाली. चारशे सदतीसचे बिल असले तर माणूस फोनवरून नेमके चारशे सदतीस भरतो आणि उठतो. पूर्वी पाचशेची नोट मोडून त्रेसष्ट रुपये परत येत, त्यांतले काही बशीत राहात. त्यात उदारपणा थोडा आणि आळस जास्त असे, पण आळसाच्या पैशानेही पान येत होते! कोणी भिडस्त माणूस फोनवरूनच वीस रुपये जादा भरतो, तर ते जातात मालकाच्या खात्यात. मालक भला असला तर रात्री काढून देतो. म्हणून मी खिशात दहा-वीसच्या नोटांची लहानशी गड्डी ठेवतो. मेहुण्यांनी तिला 'हुंडी' असे नाव ठेवले आहे.

किती द्यायचे याइतकेच कसे द्यायचे यालाही महत्त्व आहे. देवळाबाहेरच्या रांगेत टाकतात तसे टाकू नये. सर्वांना दिसावी म्हणून नोट हवेत फडकावूनही देऊ नये. तसली टीप वेटरला नसून शेजारच्या टेबलाला असते. जेवण उशिरा आले तर आधी आत भटारखान्यात काय चालले आहे याचा विचार करावा. डोसा करपला तो वेटरने करपवलेला नसतो. तो उर्मट वागला तर मात्र बशी खुशाल रिकामी ठेवावी. राजीखुशीच्या देण्यात नाराजीलाही जागा असली पाहिजे. बशीखाली नोट सरकवावी, नजर भेटली तर मान हलवावी आणि निघावे.

आता दिवाळी आली आहे. घरोघर पोस्तीच्या यादीत पोस्टमन, सफाई कामगार, वॉचमन, पेपरवाला अशी नावे चढली असतील. त्या यादीत आपल्या नेहमीच्या हॉटेलातल्या वाढणाऱ्याचे नाव कोणी सहसा घालत नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी आपण सहकुटुंब बाहेर जेवायला जातो, तेव्हा टेबलाशी उभा असलेला माणूसही कोणाचा तरी भाऊ असतो आणि त्याची ओवाळणी दूर कुठेतरी राहिलेली असते. त्याची पोस्त किती, हा प्रश्न अवघड नाही. महिनाभरात आपण जेवढी टीप ठेवतो तेवढी, एका पाकिटात, आणि वर घरचे चार लाडू.

अण्णांना मी परवा विचारले, "गावी केव्हा?" ते म्हणाले, "दिवाळीत कुठलं, साहेब! गर्दी असते. तुळशीच्या लग्नानंतर जाईन." म्हणून त्यांचे पाकीट मी तोवर राखून ठेवले आहे. आता दिले तर पोऱ्या, भांडीवाल्या बाई आणि मोबाइल यांतच ते सरेल. निघायच्या दिवशी हातात पडले तर मुलीपर्यंत पोचेल. रोजचे वीस आहेतच.